आसफ फैजी मराठीत आणा : मुंबई विद्यापीठाला खुले पत्र

मा. कुलगुरू, अधिसभेचे सन्माननीय सदस्य, आणि विधी, मराठी व अरबी विभागांतील प्राध्यापक,

स. न. वि. वि.

मी मुंबईत कौटुंबिक दाव्यांची वकिली करते. आपल्याकडे एक मागणी आहे, ती आधीच सांगते. मुस्लिम कायद्याचे आणि इस्माइली ग्रंथांचे मोठे अभ्यासक आसफ अली असगर फैजी यांच्या लेखनातला निदान कायद्याचा गाभा विद्यापीठाने पुढाकार घेऊन मराठीत आणावा. आपल्या फोर्टच्या ग्रंथालयाला त्यांनी दिलेल्या हस्तलिखितांची गोष्टही मराठी वाचकांना सांगावी. फैजी गेले त्याला चार दशकं उलटली. वकिलांच्या कपाटात ते आजही आहेत, पण ज्या शहरात त्यांनी आयुष्य काढलं त्या शहराच्या मराठी वाचकाला त्यांचं नावही फारसं ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फैजींचा जन्म १० एप्रिल १८९९ चा, आपल्या माथेरानचा. घराणं सुलेमानी बोहऱ्यांचं, म्हणजे इस्माइली शिया पंथाच्या एका शाखेचं. हा समाज संख्येने अगदी लहान, पण मुंबईच्या सार्वजनिक जीवनात त्याने दिलेली माणसं पाहिली की थक्क व्हायला होतं. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी याच समाजातले. जंजिऱ्याच्या बेगम नाझली या माहेरच्या फैजी. तय्यबजी आणि फैजी या घरांत सोयरिकी इतक्या की कोण कोणाचं कोण लागतं हे सांगायला वंशावळच काढावी लागेल. मुलींना शिकवणारा, इंग्रजी वाचणारा, तरीही नमाज-रोजा सांभाळणारा असा हा गोतावळा. आसफ फैजी त्यात वाढले, सेंट झेवियर्समध्ये शिकले, केंब्रिजला जाऊन अरबी-फारसीचा अभ्यास केला, बॅरिस्टर झाले आणि मुंबईला परतले.

पुढचा तपशील मला विशेष महत्त्वाचा वाटतो. चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयाचं प्राचार्यपद १९३५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९३८ मध्ये त्यांनी ते सोडलं आणि त्याच वर्षी फैजी प्राचार्य झाले. १९४७ पर्यंत ते तिथे होते. धर्माच्या नावाने चालणारा कायदासुद्धा कायदाच असतो, तो माणसांनी लावलेला असतो आणि माणसांना त्याची चिकित्सा करता येते, ही दृष्टी एकाने हिंदू कायद्याच्या बाबतीत लावली, दुसऱ्याने मुस्लिम कायद्याच्या. दोघांचे मार्ग, स्वभाव, पोच अगदी वेगळी. बाबासाहेबांमागे चळवळ होती, फैजींमागे कोणीच नव्हतं. तरीही एका महाविद्यालयाने लागोपाठ असे दोन प्राचार्य पाहिले, ही गोष्ट या शहराने अभिमानाने सांगायला हवी. त्या महाविद्यालयाबाहेर ती मी क्वचितच ऐकली आहे.

१९४९ मध्ये मुस्लिम कायद्याची रूपरेषा मांडणारं त्यांचं पुस्तक निघालं. आज आमच्यासारख्यांच्या टेबलावर असते ती त्याची पुढची, सुधारित आवृत्ती. मी वकिलीला लागले तेव्हा ज्येष्ठांनी सांगितलं होतं, कलमं आणि निकाल दिनशा मुल्ला या कायदेपंडितांच्या ग्रंथात पाहा, पण ते तसे का आहेत हे फैजींकडून शिक. त्यांचं पहिलंच म्हणणं असं की, भारतात न्यायालयं ज्याला मुस्लिम कायदा म्हणून लावतात तो शरियतच्या ग्रंथांतून जसाच्या तसा उतरलेला नाही. त्यात मूळ शास्त्र आहे, जमातीजमातींच्या रूढी आहेत, इंग्रज न्यायाधीशांनी आपल्या समजुतीने दिलेले निकाल आहेत आणि विधिमंडळांनी केलेले कायदेही आहेत. थराथराने रचलं गेलेलं हे बांधकाम आहे, आणि कुठला थर कोणी कधी घातला हे फैजी दाखवून देतात.

मुंबईतलंच उदाहरण घ्या. १८४७ मध्ये खोजा आणि मेमन समाजांतले वारसाहक्काचे दावे त्या वेळच्या मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे आले. कुराणात मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा सांगितलेला आहे. न्यायालय म्हणालं, या समाजांची रूढी मुलीला वाटा देत नाही, आणि रूढी सिद्ध झाली आहे, तेव्हा रूढीच चालेल. म्हणजे मुली धर्मग्रंथाचा आधार घेऊन हक्क मागत होत्या आणि न्यायालय त्यांना रिवाजाचा आधार देऊन परत पाठवत होतं. ही स्थिती बरीचशी पालटली ती रूढीऐवजी शरियत लागू करणाऱ्या १९३७ च्या शरियत कायद्याने. नव्वद वर्षं लागली. मुस्लिम कायदा कधी बदललाच नाही असं म्हणणाऱ्यांना आणि तो बदलूच शकत नाही असं म्हणणाऱ्यांनाही हा इतिहास माहीत असायला हवा.

किंवा १८६४ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल घ्या. शाफी पंथात मुलगी सज्ञान असली तरी तिच्या पहिल्या लग्नाला वडिलांची संमती लागते, हनफी पंथात सज्ञान मुलगी स्वतःच्या मर्जीने निकाह करू शकते. शाफी घरात वाढलेल्या एका मुलीने वयात आल्यावर आपण हनफी मत स्वीकारल्याचं सांगितलं आणि वडिलांना न विचारता लग्न केलं. न्यायालयाने ते लग्न वैध ठरवलं. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफी आहेत. रत्नागिरी-रायगडातल्या, मुंब्रा-कुर्ल्यातल्या, घरात कोकणी-मराठी बोलणाऱ्या किती मुलींना हे ठाऊक असेल? फैजींच्या पुस्तकात हा निकाल आहे. पुस्तक इंग्रजीत आहे.

हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. कुर्ल्याच्या एका वस्तीत आम्ही काही वकील मोफत सल्ल्याला बसतो. तिथे एक बाई आली होती. माहेर मंडणगडकडचं, शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेत आठवीपर्यंत. निकाहनामा तिने लॅमिनेट करून जपला होता. मजकूर उर्दूत, जो तिला वाचता येत नव्हता. आमच्यातल्या एकीने वाचून दाखवला. मेहरच्या, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेच्या, रकान्यात नाममात्र आकडा, आणि खाली अटींसाठी सोडलेल्या जागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ. ती रेघ काझीसाहेबांनी मारली की सासरच्यांनी, तिला सांगता येईना. सही करताना बोट ठेवून दाखवलं तिथे तिने सही केली होती.

त्या मोकळ्या जागेत काय लिहिता आलं असतं, हे तिला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं. मेहर पुरेसा ठरवता येतो, त्यातला किती लगेच आणि किती पुढे द्यायचा हे लिहून घेता येतं. नवऱ्याने दुसरं लग्न केलं, मारहाण केली, खर्चाला दिलं नाही, तर तलाक घेण्याचा अधिकार बायकोला राहील अशी अट घालता येते. याला तलाक-ए-तफवीज म्हणतात, आणि भारतातल्या न्यायालयांनी तो मान्य केलेला आहे. मुस्लिम स्त्रीला कोर्टाची पायरी न चढता सुटका करून देणारं याइतकं प्रभावी साधन कदाचित दुसरं नाही, असं फैजींनी लिहून ठेवलं आहे. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, माझं झालं ते झालं. धाकटीचं लग्न ठरतंय. काय काय लिहायचं ते मराठीत लिहून देता का?” मी एका कोऱ्या पानावर लिहून दिलं. त्या पानाच्या ऐवजी तिच्या हाती छापील पुस्तिका असायला हवी होती, विद्यापीठाच्या नावाची, जी काझीसाहेबांपुढे ठेवली तर तेही नीट वाचतील.

आता हस्तलिखितांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण फैजींचं मोठेपण मला तिथे सर्वांत जास्त जाणवतं.

दहाव्या शतकात उत्तर आफ्रिकेत फातिमी खलिफांचं राज्य होतं, इस्माइली शिया पंथाचं. त्यांनी इजिप्त जिंकलं आणि ९६९ मध्ये कैरो वसवलं. त्यांचा थोर कायदेपंडित काझी नोमान. त्याने ‘दआइमुल इस्लाम’ नावाचा ग्रंथ लिहिला. पहिल्या खंडात श्रद्धा आणि उपासना, दुसऱ्यात व्यवहार, म्हणजे विवाह, वारसा, व्यापार, साक्षीपुरावा. फातिमी राज्याचा हा अधिकृत कायदाग्रंथ. ११७१ मध्ये सलाहुद्दीनने ती खिलाफत संपवली आणि इजिप्तमधून हा पंथ जवळजवळ पुसला गेला. ग्रंथ मात्र वाचले. ते येमेनला गेले, तिथून समुद्रमार्गे गुजरातला आले आणि बोहरा घरांत नकला होत होत टिकून राहिले. छळाची भीती पिढ्यानपिढ्या अंगात मुरलेली, त्यामुळे त्यांवर पहारा कडक. धर्मगुरूंच्या परवानगीशिवाय आणि शपथ घेतल्याशिवाय वाचायचे नाहीत, बाहेरच्याला दाखवायचे नाहीत. काही पोथ्यांतला नाजूक मजकूर तर सांकेतिक लिपीत लिहिलेला असे.

आपल्या महानुभाव पंथाची आठवण इथे मराठी वाचकाला आपोआप येईल. चक्रधरांच्या अनुयायांनीही आपलं वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत मठांत बंद ठेवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी त्या लिप्यांची उकल केली आणि मराठी गद्याचा पायाच आपल्यापुढे उघडा झाला. ते कुलूप उघडलं नसतं तर मराठी भाषेचा इतिहास आपण आज सांगतो तसा सांगताच आला नसता.

फैजींनी जवळपास तेच केलं, आणि फरक असा की ते त्याच परंपरेच्या आत जन्मलेले होते. १९३३ मध्ये मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्याच सुमारास व्लादिमिर इवानोव्ह हे रशियन संशोधकही मुंबईत राहून इस्माइली ग्रंथांचा शोध घेत होते. जगभरात ज्या पंथाविषयी तोवर मुख्यतः त्याच्या शत्रूंनी लिहिलेलं वाचलं जात होतं, त्याचा अभ्यास त्याच्याच ग्रंथांवरून सुरू झाला, आणि त्यातला मोठा वाटा या शहरात उचलला गेला. फैजींनी काझी नोमानवर लिहिलं, इस्माइली मृत्युपत्राच्या कायद्यावर लिहिलं आणि वर्षानुवर्षं ‘दआइम’च्या वेगवेगळ्या नकला ताडून शुद्ध संहिता तयार केली.

१९४९ मध्ये स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून त्यांची नेमणूक झाली ती इजिप्तला. १९५१ मध्ये ‘दआइम’चा पहिला खंड छापून निघाला तो कैरोत. ज्या शहरात काझी नोमानने अखेरचा श्वास घेतला तिथे त्याचा ग्रंथ सुमारे आठशे वर्षांनी परतला, आणि तो परत नेणारा मुंबईचा एक वकील होता. दुसरा खंड पुढे दहाएक वर्षांनी आला. इंग्रजी भाषांतर त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही. ते इस्माइल पूनावाला यांनी तपासून, पुरं करून या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केलं.

आणि मग त्यांनी ते केलं ज्यासाठी मला हे पत्र आपल्यालाच लिहावंसं वाटलं. आपल्याजवळचा इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. परदेशातल्या नामांकित ग्रंथालयांनी तो आनंदाने घेतला असता. फैजींनी तो राजाबाई टॉवरखाली ठेवला, जिथे जात, पंथ, शपथ काही न विचारता कोणाही अभ्यासकाला तो पाहता यावा. मुइझ गोरियावाला यांनी केलेली त्याची वर्णनात्मक सूची विद्यापीठाने १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. जगभरचे इस्माइली संशोधक आजही ‘फैजी संग्रह’ असा उल्लेख करतात, तो आपल्या या संग्रहाचा. रंगीत काचांच्या त्या उंच खिडक्यांखालून रोज जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला, आपल्या डोक्यावर हजार वर्षांच्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम आहे, हे कोणीतरी सांगायला नको का?

आता थोडं अवघड विषयावर. १९६३ मध्ये फैजींचा इस्लामकडे आधुनिक दृष्टीने पाहणारा निबंधसंग्रह मुंबईतूनच निघाला. त्यात ते स्पष्ट म्हणतात की श्रद्धा आणि कायदा वेगळे करायला हवेत. श्रद्धा माणसाच्या अंतःकरणाची, ती टिकते. कायदा समाजाच्या व्यवहाराचा, तो काळाप्रमाणे बदलतो. कुराणाचा अर्थ प्रत्येक पिढीने आपल्या ज्ञानाच्या उजेडात नव्याने लावावा, त्यासाठी इतर धर्मांचा, सेमिटिक भाषांचा, इतिहासाचा अभ्यास करावा, आणि विश्वाच्या रचनेबद्दलच्या जुन्या कल्पना विज्ञानापुढे धरून पाहाव्यात, असंही ते सुचवतात. उलेमांना हे पटणं शक्यच नव्हतं आणि पटलं नाही. मला स्वतःला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. पण ज्यांना पटत नाही त्यांनीही ते मुळातून वाचून खोडावं, ऐकीव माहितीवर नव्हे. आणि एक गोष्ट विसरू नये. हे लिहिणारा माणूस शेवटपर्यंत श्रद्धावान मुसलमान होता. धर्म सोडून बाहेरून दगड मारणाऱ्याचं ते लेखन नाही, आपल्या घराची काळजी असलेल्या माणसाचं आहे.

मराठीत मुस्लिम प्रश्नावर बोलणारी परंपरा आहे. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली. महापालिकेत अभियंता म्हणून नोकरी केलेल्या असगर अली इंजिनिअर यांनी १९८० मध्ये इथेच इस्लामच्या अभ्यासाची संस्था काढली आणि २०१३ मध्ये जाईपर्यंत लिहीत राहिले. या मालिकेत फैजींची जागा रिकामी दिसते ती त्यांचं काम कमी म्हणून नव्हे. त्यांनी इंग्रजीत लिहिलं, त्या काळात त्या विषयाला ते स्वाभाविक होतं, आणि आपण त्यांना इकडे आणण्याचे कष्ट घेतले नाहीत. त्याचं नुकसान आपल्या चर्चांत दिसतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, तेव्हा मराठी वाहिन्यांवर आठवडाभर वाद झाले. बोलणारे तावातावाने बोलत होते. तलाकचे प्रकार किती, हनफी आणि शिया कायद्यात त्याबाबत काय फरक आहे, न्यायालयांनी आधी काय म्हटलं होतं, हे शांतपणे सांगणारं मराठी पुस्तक हाताशी असतं तर निदान थोड्या लोकांनी ते उघडून पाहिलं असतं.

म्हणून आपल्याला नेमकं सांगते. कायद्याच्या पुस्तकातली निकाह, मेहर, तलाक, पोटगी, वारसा आणि वक्फ ही प्रकरणं आधी घ्या. आजवरचे निकाल आणि कायदे टिपांमध्ये घालून ती अद्ययावत करा. विधी विभाग आणि मराठी विभाग दोघांनी मिळून हे काम करावं. अरबी विभागाने परिभाषा तपासून द्यावी, म्हणजे इद्दत (तलाक किंवा वैधव्यानंतरचा थांबण्याचा काळ), खुला (बायकोने मागून घेतलेला तलाक), मुबारात (दोघांच्या संमतीचा तलाक) हे शब्द जसेच्या तसे ठेवून त्यांचा अर्थ साध्या भाषेत सांगता येईल. संस्कृतातून नवे शब्द पाडण्याचा मोह कृपया टाळा. वस्तीतली बाई ‘खुला’च म्हणते. या मोठ्या पुस्तकातूनच एक छोटी पुस्तिका काढा, काझी, जमातीचे पदाधिकारी, विधी स्वयंसेवक, पोलीस ठाण्यातल्या महिला कक्षातल्या हवालदार आणि आमच्यासारखे वकील यांच्यासाठी.

हस्तलिखितांचं एक प्रदर्शन भरवा, मराठी पाट्यांसह. ‘दआइम’चा कैरो ते कैरो व्हाया मुंबई हा प्रवास नकाशावर दाखवा. शाळांना बोलवा. दरवर्षी १० एप्रिलला फैजींच्या नावाने एक व्याख्यान मराठीतून ठेवा आणि त्याला विधी महाविद्यालयांतले मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी आवर्जून बोलवा. अभिजात भाषा म्हणून मराठीला २०२४ मध्ये दर्जा मिळाला, त्याचा उपयोग असल्या कामाला व्हावा, असं मला वाटतं.

हे सगळं एखादा प्रकाशक किंवा आमच्यासारखे वकील का करत नाहीत, असं कोणी विचारेल. कारण साधं आहे. फैजींचं निधन २३ ऑक्टोबर १९८१ चं. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्व हक्क राहतो, म्हणजे त्यांच्या लेखनाचा २०४१ अखेरपर्यंत. तोवर भाषांतराला हक्कधारकांची आणि सुधारित आवृत्तीच्या प्रकाशकांची परवानगी लागणार. एकट्यादुकट्याच्या पत्राला जे उत्तर मिळणार नाही ते विद्यापीठाच्या पत्राला मिळेल, विशेषतः त्या विद्यापीठाच्या, ज्याला फैजींनी आपला संग्रह दिला. ते पत्र आपण पाठवा. परवानगी आली की निकाह आणि मेहर या दोन प्रकरणांचा मराठी मसुदा मी विनामोबदला करून देईन. कौटुंबिक न्यायालयात माझ्याबरोबर काम करणाऱ्या आणखी काही वकिलांनी तलाक आणि पोटगीचा भाग घ्यायची तयारी दाखवली आहे. आम्हाला संपादक आपल्याकडून हवा, आणि मसुदा कोणाकडे द्यायचा ते सांगणारं एक उत्तर.

आपली,
कौटुंबिक न्यायालयात काम करणारी एक वकील
कुर्ला, मुंबई